तप्त पोलादाचा फ्लो कर्व्ह: फिट ०.९९, तरी प्रेसचा लोड का जुळत नाही?

भट्टीतला_कोळसा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

४२सीआरएमओ४ जातीच्या अलॉय स्टीलवर हॉट कॉम्प्रेशन टेस्ट (तापवून दाबण्याच्या चाचण्या) करून फ्लो कर्व्ह काढून घेतले आहेत, म्हणजे स्ट्रेन (विकृती) वाढताना स्ट्रेस (ताण) कसा बदलतो त्याचे आलेख. तापमान ९०० ते १२०० अंश सेल्सिअस, स्ट्रेन रेट ०.०१ ते १० प्रति सेकंद, ट्रू स्ट्रेन ०.८ पर्यंत. त्यावर स्ट्रेस, स्ट्रेन रेट आणि तापमान जोडणारं नेहमीचं साइन-हायपरबोलिक समीकरण बसवलं. अल्फा, एन, क्यू (तापमानाचा परिणाम ठरवणारी ॲक्टिव्हेशन ऊर्जा) आणि एलएन-ए हे चारही स्थिरांक म्हणजे स्ट्रेनचे पाचव्या घाताचे पॉलिनॉमियल. कोरिलेशन ०.९९, सरासरी त्रुटी ४ टक्क्यांच्या आत. गाईड खूश.

मग तेच समीकरण सिम्युलेशनमध्ये घातलं. क्लोज्ड डाय फोर्जिंग (बंद साच्यात दाबून घडवणं), दोन टप्पे: ब्लॉकर (ढोबळ आकार) आणि फिनिशर (अंतिम आकार). ब्लॉकरचा लोड प्रेसवरच्या लोड मॉनिटरशी बऱ्यापैकी जुळतो. फिनिशरला मात्र सिम्युलेशन जवळपास पाव पट जास्त लोड सांगतं.

मॉडेल बदलू का? बदलायचं तर कुठलं घेऊ? हेन्सेल-स्पिटेल, जॉन्सन-कुक, की डिसलोकेशन डेन्सिटीवालं एखादं?

खरडवही

गाईड खूश म्हणजे विषय संपला. लोड जुळवायचं काम 'भविष्यातील संशोधनाची दिशा' या प्रकरणात ढकला.

झेडसाहेब

मॉडेल बदलायच्या आधी, हातात आहे ते मुळात कशासाठी होतं ते बघा.

झेनर आणि हॉलोमन यांनी १९४४ मध्ये स्ट्रेन रेट आणि तापमान एकाच आकड्यात बांधले. झेड म्हणजे स्ट्रेन रेट गुणिले क्यू भागिले आरटीचं एक्स्पोनेन्शियल. साइन-हायपरबोलिक फंक्शन गारोफालोनं १९६३ मध्ये क्रीपसाठी वापरलं आणि सेलर्स-मॅकटेगार्ट जोडीनं १९६६ मध्ये ते हॉट वर्किंगला आणलं. कमी स्ट्रेसला पॉवर लॉ, जास्त स्ट्रेसला एक्स्पोनेन्शियल, आणि दोन्ही टोकांना सांधणारं हे एक फंक्शन. त्याची सोय एवढीच, पण ती फार मोठी आहे.

लक्षात घ्या, त्यात स्ट्रेन कुठेच नाही. ते पीक स्ट्रेससाठी (कर्व्हचं शिखर) किंवा स्टेडी स्टेटसाठी (त्यापुढची सपाटी) आहे. स्ट्रेन आपण मागाहून पॉलिनॉमियलनं चिकटवतो. त्या पाचव्या घाताच्या पदाला भौतिक अर्थ शून्य. ०.०५ ते ०.८ मध्ये तो शहाण्यासारखा वागतो, कारण तिथे त्याला चहूबाजूंनी बांधून ठेवलेलं असतं. ०.८ च्या पुढे तो मोकाट सुटतो.

तर प्रश्न असा: फिनिशरमध्ये, विशेषतः फ्लॅशमध्ये (डायच्या फटीतून बाहेर येणाऱ्या पातळ कडेत), स्ट्रेन किती जातो? तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये टेबल दिलंय की समीकरण?

आणि क्यू किती आला तेही सांगा.

भट्टीतला_कोळसा

@झेडसाहेब, समीकरणच दिलंय, यूजर सबरूटीनमधून. फ्लॅशमध्ये स्ट्रेन २ च्या वर जातो, काही कोपऱ्यांत ३. क्यू सरासरी ४०० किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास.

नवा_भिडू

जॉन्सन-कुक वापरा ना सरळ. सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये आयतं असतं, पाचच स्थिरांक.

झेडसाहेब

@नवा_भिडू, ते १९८३ चं मॉडेल मुळात फार जास्त स्ट्रेन रेटच्या आघातांसाठी बनलं. त्यात वर्क हार्डनिंग, स्ट्रेन रेट आणि तापमान हे तीन कंस एकमेकांना गुणतात, म्हणजे तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं गृहीत धरलंय. तापलेल्या ऑस्टेनाइटमध्ये (या तापमानाला पोलादाची असणारी स्फटिकरचना) नेमका तोच संबंध महत्त्वाचा. शिवाय स्ट्रेनचा घात धन असल्यामुळे कर्व्ह चढतच राहतो. पीक येऊन खाली उतरणं त्याला ठाऊकच नाही. ते वापरलं तर आत्ताचा पाव पट फरकसुद्धा बरा होता म्हणायची पाळी येईल.

नुसताच_वाचक

माझा या क्षेत्राशी काडीचा संबंध नाही, शीर्षक बघून आत आलो. पण लोखंड तापवून दाबत राहिलं तर आधी घट्ट होतं आणि मग दाबता दाबताच मऊ होतं? तापमान तेच असताना? हे कसं काय?

सूक्ष्मदर्शी

@नुसताच_वाचक, प्रश्न अगदी मुळाशी हात घालणारा आहे.

धातू दाबला की त्याच्या स्फटिकांत डिसलोकेशन नावाचे दोष वाढत जातात आणि एकमेकांत अडकतात. दोऱ्याचा गुंता वाढावा तसं. गुंता वाढला की पुढे सरकवायला जास्त जोर लागतो, म्हणून कर्व्ह वर चढतो. गरम असताना काही गुंता आपोआप सुटतो, ती डायनॅमिक रिकव्हरी. ॲल्युमिनियममध्ये किंवा फेराइटमध्ये ती इतकी जोरात चालते की कर्व्ह वर जाऊन सपाट होतो आणि तिथेच राहतो. ऑस्टेनाइटची स्टॅकिंग फॉल्ट एनर्जी कमी, त्यामुळे तिथे गुंता सहज सुटत नाही, साठत जातो. साठा एका मर्यादेपलीकडे गेला की जुन्या ग्रेनच्या (स्फटिककणांच्या) सीमांवर कोरे करकरीत नवे ग्रेन जन्माला येतात आणि ते जुना गुंतलेला भाग गिळत सुटतात. हे डायनॅमिक रिक्रिस्टलायझेशन, म्हणजेच डीआरएक्स. नव्या ग्रेनमध्ये गुंता जवळजवळ नसतो, म्हणून एकूण धातू मऊ होतो. कर्व्हवर पीक दिसतं, मग उतार, मग सपाटी. सपाटीवरही काम थांबलेलं नसतं. नवे ग्रेनसुद्धा दाबले जातात, त्यांचाही गुंता वाढतो, त्यांच्या जागी आणखी नवे येतात.

पीक दिसण्याच्या आधीच ही प्रक्रिया सुरू झालेली असते. ती जिथे सुरू होते तो क्रिटिकल स्ट्रेन साधारणपणे पीक स्ट्रेनच्या ०.६ ते ०.८५ पट असतो. तो काढायची पोलियाक-जोनास पद्धत १९९६ ची: हार्डनिंग रेट (फ्लो कर्व्हचा उतार) विरुद्ध स्ट्रेस असा ग्राफ काढायचा आणि त्यातला इन्फ्लेक्शन पॉइंट शोधायचा. पण डेटामध्ये खरखर असेल तर डेरिव्हेटिव्ह असा काही नाचतो की इन्फ्लेक्शन हवा तिथे 'सापडतो'.

नुसताच_वाचक

धन्यवाद, चक्क समजलं! आता बसतो इथेच.

ऐरणकर

मी शॉप फ्लोरवरचा माणूस, समीकरणं तुम्ही बघा. पण फिनिशरला लोड जास्त येतोय म्हटल्यावर माझा पहिला संशय स्टीलवर जात नाही, प्रेसवर जातो.

मेकॅनिकल प्रेस लोडखाली ताणली जाते. फ्रेम, पिटमन, क्रँक सगळंच. मोठ्या प्रेसला पूर्ण लोडवर हे सहज मिलिमीटरभर होतं. सिम्युलेशनमध्ये तुम्ही डाय कडक धरता आणि ड्रॉइंगवरच्या बंद उंचीपर्यंत नेता. प्रत्यक्षात प्रेस तिथपर्यंत पोचतच नाही, फ्लॅश जाड राहतो. आता फिनिशरच्या शेवटच्या मिलिमीटरमध्ये लोड किती चढतो ते तुमच्याच ग्राफवर बघा. जवळजवळ उभी भिंत असते. फ्लॅश अर्धा मिलिमीटर जाड राहिला तर तुमचा पाव पट फरक तिथेच निकालात निघतो, आणि ब्लॉकरला तो दिसतही नाही, कारण तिथे फ्लॅश जाडच असतो.

व्हर्नियर घ्या, खऱ्या जॉबचा फ्लॅश चार ठिकाणी मोजा आणि सिम्युलेशनमधल्याशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर झेनर साहेबांना त्रास द्या.

खरडवही

काकांनी घण घातला!

पोलादी_मांजर

ऐरणकर काकांशी सहमत, पण मला दुसरंही काहीतरी दिसतंय. ब्लॉकर जुळतो आणि फिनिशर जुळत नाही, हे रोलिंगवाल्यांच्या रोजच्या ओळखीचं दुखणं आहे. आमच्याकडे एका पासनंतर (रोलमधली एक फेरी) दुसरा पास येतो आणि मधल्या काळात स्टील गप्प बसत नाही. स्टॅटिक (दाब थांबल्यावर नव्यानं सुरू होणारं) किंवा मेटाडायनॅमिक (दाबतानाच सुरू होऊन नंतरही चालू राहणारं) रिक्रिस्टलायझेशन चालू असतं. अशा स्टीलमध्ये ११०० अंशांच्या आसपास काही सेकंदांत बरंचसं मऊ होणं होऊन जातं. तुमच्या सबरूटीनला हे माहीत आहे का? त्यात स्ट्रेन हा एकच इतिहास. ब्लॉकरमध्ये जमलेला स्ट्रेन तसाच घेऊन तो फिनिशरला सुरुवात करतो.

याउलट नायोबियम घातलेल्या मायक्रोअलॉय स्टीलमध्ये, साधारण ९५०-१००० अंशांच्या खाली, मधल्या काळात काहीच मऊ होत नाही. बारीक कार्बोनायट्राइड ग्रेनच्या सीमा धरून ठेवतात आणि स्ट्रेन पासमागून पास साठत जातो. आम्ही प्रत्येक पासचा मीन फ्लो स्ट्रेस १००० भागिले केल्विन तापमान यावर मांडतो. उतार जिथे अचानक बदलतो ते नो-रिक्रिस्टलायझेशन तापमान. लोड सेलचा डेटा स्वतःच सांगतो आत काय चाललंय ते, वेगळी टेस्ट लागत नाही. मला तर हा ग्राफ या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो.

सांख्यिकी

मला त्या ०.९९ बद्दल बोलायचंय.

प्रत्येक कर्व्हवरून ०.०५ च्या अंतरानं बिंदू उचलले की शेकडो बिंदू होतात, पण ते स्वतंत्र नसतात. खरं बघता प्रत्येक टेस्ट हा एकच नमुना. शिवाय स्ट्रेस २० पासून २५० मेगापास्कलपर्यंत पसरलेला, त्यामुळे कुठलंही बऱ्यापैकी मॉडेल ०.९८ च्या वर जातंच. कोरिलेशन इथे मॉडेलची परीक्षा घेत नाही, डेटाचा पसारा मोजतं.

खरी परीक्षा हवी असेल तर एक पूर्ण तापमान बाजूला काढा, उरलेल्यांवर फिट करा आणि काढलेल्याचं भाकीत बघा. मग स्ट्रेन रेटचं तसंच. ०.०१, ०.१ आणि १ वर फिट करून १० चं भाकीत. प्रेसमध्ये स्ट्रेन रेट १० च्या वरच असणार, म्हणजे तुमचा प्रत्यक्ष वापर एक्स्ट्रापोलेशनचाच आहे.

नवा_भिडू

मग न्यूरल नेटवर्क? हल्ली प्रत्येक पेपरमध्ये ते अर्हेनियसला (म्हणजे याच साइन-हायपरबोलिक समीकरणाला) हरवतं.

सांख्यिकी

आतल्या आत हरवतं, हो. रेंजच्या बाहेर नेटवर्क आणि पॉलिनॉमियल एकाच माळेचे मणी. त्यातही सॉल्व्हरला स्ट्रेसबरोबर त्याचे डेरिव्हेटिव्हही गुळगुळीत लागतात. ओव्हरफिट झालेलं नेटवर्क घातलं की कन्व्हर्जन्सच्या नावानं रात्री जागवाव्या लागतात.

झेडसाहेब

सांख्यिकीताईंचं म्हणणं मान्य, एक पुस्ती जोडतो. साइन-हायपरबोलिकचं स्ट्रेन रेटमधलं एक्स्ट्रापोलेशन इतकं वाईट नसतं, कारण त्यामागे थर्मली ॲक्टिव्हेटेड प्रक्रियेचा तर्क आहे. १० वरून ५० ला जायला मी घाबरणार नाही. स्ट्रेनमध्ये ०.८ वरून २ ला जायला घाबरेन.

आता तुमच्या क्यूबद्दल. ऑस्टेनाइटमध्ये लोखंडाच्या सेल्फ-डिफ्यूजनची ऊर्जा २७०-२८० च्या घरात. साध्या कार्बन-मँगनीज स्टीलला ३१२ हा सेलर्सचा आकडा सर्रास वापरतात. मॉलिब्डेनम, क्रोमियम घातलं की सोल्यूट ड्रॅगमुळे (विरघळलेल्या अणूंच्या अडथळ्यामुळे) तो चढतो, तेव्हा ४०० अशक्य नाही. पण फरक काय पडतो ते बघा: ११०० वरून १००० अंशांवर आलात तर ४०० धरून झेड साधारण १६ पट होतो, ३१२ धरून साडेआठ पट. म्हणजे क्यू फुगला असेल तर बिलेटच्या थंड पडलेल्या भागात मॉडेल स्टील उगाच कडक दाखवेल. आणि फिनिशरचा फ्लॅश म्हणजे थंड भागच.

क्यू चुकण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे न सुधारलेला डेटा. ॲडियाबॅटिक हीटिंगची (दाबताना धातू स्वतःच तापतो त्याची) दुरुस्ती केली होती का?

भट्टीतला_कोळसा

घर्षणाची दुरुस्ती केली आहे. तापमानाची नाही. यंत्रानं तापमान स्थिर ठेवलंय असं रिपोर्टमध्ये लिहिलंय.

झेडसाहेब

१० प्रति सेकंदला ०.७ स्ट्रेन सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात उरकतो. तेवढ्यात कुठलाही कंट्रोलर काही करू शकत नाही. हिशोब करून बघा. सरासरी स्ट्रेस १५० मेगापास्कल, स्ट्रेन ०.७, म्हणजे घनमीटरमागे १०५ मेगाज्यूल काम. त्यातलं ९५ टक्के उष्णतेत गेलं असं धरा. घनता ७६००, विशिष्ट उष्णता ६५०. तापमानवाढ येते २० अंश. १००० अंशांना क्यू ४०० असताना एवढ्यानं स्ट्रेस दहा टक्क्यांच्या आसपास हलतो. म्हणजे १० प्रति सेकंदच्या कर्व्हवर पीकनंतर दिसणारा उतार रिक्रिस्टलायझेशनचा की निव्वळ तापण्याचा, हे दुरुस्तीशिवाय सांगताच येत नाही. लोक त्यालाच बिनदिक्कत डीआरएक्स म्हणून छापतात.

तुमचं सॉफ्टवेअर तापमानवाढ स्वतः मोजतं, आणि डेटातही ती दडलेली. म्हणजे एकच मऊपणा दोनदा धरला.

ऐरणकर

थांबा साहेब. दोनदा मऊपणा धरला तर लोड कमी यायला हवा. यांचा तर जास्त येतोय.

झेडसाहेब

अगदी बरोबर, आणि म्हणूनच हे सांगितलं. ही दुरुस्ती केली की यांचा फरक आणखी वाढेल! ब्लॉकर जुळतोय तोही कदाचित एका चुकीनं दुसरीला झाकल्यामुळे. लोड जुळला म्हणून मॉडेल बरोबर असं समजू नका.

खरडवही

म्हणजे आता जुळत होतं तेही बिघडवायचं. याला म्हणतात सखोल मार्गदर्शन.

सूक्ष्मदर्शी

थोडं अवांतर, पण पुढे डीआरएक्सचं अव्रामी मॉडेल (किती भाग रिक्रिस्टलाइज झाला ते सांगणारं) बांधायच्या मोहात पडाल म्हणून.

फ्लो कर्व्हवरून काढलेला सॉफ्टनिंग फ्रॅक्शन आणि मायक्रोस्कोपखाली दिसणारा रिक्रिस्टलाइज्ड भाग एकच नव्हेत. पहिल्यासाठी 'रिकव्हरी एकटीच असती तर' असा एक काल्पनिक कर्व्ह गृहीत धरावा लागतो. दुसऱ्यात क्वेंचला लागलेल्या उशिराचा घोळ. दाब थांबल्यापासून पाणी लागेपर्यंत अर्धा सेकंद गेला तरी जास्त तापमानाला मेटाडायनॅमिक रिक्रिस्टलायझेशन चित्र बदलून टाकतं.

त्यात क्वेंच केल्यावर हाती येतं मार्टेन्साइट, म्हणजे पाण्यात झटकन थंड केल्यावर होणारी कडक रचना. त्यातून जुन्या ऑस्टेनाइटच्या सीमा उघड करायच्या म्हणजे सॅच्युरेटेड पिक्रिक ॲसिड, त्यात थोडं वेटिंग एजंट, कोमट करून. एच (ॲसिडनं कोरलेला पृष्ठभाग) आधी फिका येतो, मग एकदम काळा पडतो, मधला क्षण पकडावा लागतो. जरा हलका हात ठेवून परत पॉलिश केलं की काळा थर जातो आणि सीमा उरतात. आधी ५०० अंशांच्या आसपास टेम्पर केलं तर फॉस्फरस सीमांवर गोळा होतो आणि एच जास्त स्वच्छ येतो. आणि कृपा करून बाटलीच्या झाकणाशी पिक्रिक ॲसिड सुकू देऊ नका. सुकं पिक्रिक ॲसिड स्फोटक असतं, ही अतिशयोक्ती नव्हे.

नुसताच_वाचक

ग्रेन बघायला स्फोटकं लागतात? तुमच्या क्षेत्राबद्दल आदर वाढला.

भट्टीतला_कोळसा

सगळ्यांचे आभार. सुचवलेल्यातलं जमेल तेवढं करून बघितलं, ते सांगतो.

१. चारही पॉलिनॉमियल ३ स्ट्रेनपर्यंत काढून बघितले. २ च्या अलीकडेच क्यू ऋण होतो. म्हणजे फ्लॅशमधलं स्टील तापवल्यावर कडक होतंय! आता ०.८ च्या पुढे स्ट्रेस ०.८ ला असेल तोच धरायचा असं सबरूटीनमध्ये बांधलं. फिनिशरचा लोड बराच खाली आला.

२. फ्लॅश मोजला. काकांचा अंदाज खरा, प्रत्यक्षातला फ्लॅश सिम्युलेशनपेक्षा जाड आहे, आणि चारी बाजूंना सारखाही नाही.

३. प्रत्यक्ष जाडीला सिम्युलेशन थांबवलं तर आता लोड उलट थोडा कमी येतो.

४. ॲडियाबॅटिक दुरुस्ती चालू आहे. ती झाली की लोड वर जाईल असं दिसतंय. एक तापमान बाजूला ठेवून फिट करायचं अजून राहिलंय.

ऐरणकर

चारी बाजूंना सारखा नाही म्हणजे रॅम तिरका बसतोय किंवा प्रीफॉर्म (ब्लॉकरमधून आलेला तुकडा) डायमध्ये मधोमध ठेवला जात नाही. सिम्युलेशन बाजूला ठेवून आधी मेंटेनन्सला कळवा, डाय वाचेल.

झेडसाहेब

०.८ ला कापणं ही तात्पुरती मलमपट्टी म्हणून ठीक. ज्या कर्व्हवर ०.८ पर्यंत सपाटी आली आहे तिथे ती योग्यच आहे. ९०० अंश आणि १० प्रति सेकंदला मात्र तोवर सपाटी आलेली नसणार, तिथे तुम्ही चढत्या किंवा उतरत्या कर्व्हला मध्येच गोठवताय.

मी असतो तर पॉलिनॉमियल टाकून दिले असते. एस्ट्रिन-मेकिंगचा (डिसलोकेशनची वाढ आणि सुटका यांवर बांधलेला) रिकव्हरी कर्व्ह, त्यात सॅच्युरेशन स्ट्रेस झेडचं फंक्शन. त्यावर क्रिटिकल स्ट्रेनपासून अव्रामीनं उतार, खाली स्टेडी स्टेट स्ट्रेस, तोही झेडचंच फंक्शन. स्थिरांक जवळजवळ तितकेच, पण स्ट्रेन कितीही वाढला तरी मॉडेल सभ्यपणे सपाट होतं. कोरिलेशन ०.९९ वरून ०.९८ वर येईल. येऊ द्या.

सांख्यिकी

शेवटच्या दोन वाक्यांना +१.

पोलादी_मांजर

आणि त्याच मॉडेलमध्ये डिसलोकेशन डेन्सिटी हा चल ठेवला तर ब्लॉकर-फिनिशरमधलं मऊ होणंही बसवता येतं. मधल्या सेकंदांत डेन्सिटी खाली आणायची आणि फिनिशर तिथून सुरू करायचा. स्ट्रेनला हे कधीच जमणार नाही, कारण स्ट्रेन फक्त वाढतो.

त्यासाठी डबल-हिट टेस्ट लागेल. पहिला दाब, मग लोड काढून तुमच्या खऱ्या ट्रान्सफर टाइमएवढा थांबा, मग दुसरा दाब.

भट्टीतला_कोळसा

डबल-हिटबद्दल दोन शंका. पहिल्या हिटचा स्ट्रेन पीकच्या अलीकडे ठेवू की पलीकडे? आणि सॉफ्टनिंग काढताना यील्ड (कायमची विकृती सुरू होण्याचा स्ट्रेस) ०.२ टक्के ऑफसेटनं घेऊ की २ टक्के?

पोलादी_मांजर

ब्लॉकरमध्ये जॉबच्या मधल्या भागात जेवढा स्ट्रेन जातो तेवढा ठेवा. तो क्रिटिकल स्ट्रेनच्या पलीकडे गेला तर थांबलेल्या वेळात मेटाडायनॅमिक प्रक्रिया चालेल. तिचा वेग प्रामुख्यानं स्ट्रेन रेटवर ठरतो, स्ट्रेनवर फारसा नाही. अलीकडे राहिला तर स्टॅटिक, आणि तिथे स्ट्रेन व सुरुवातीचा ग्रेन साइझ दोन्ही मोजावे लागतात. जॉबमध्ये दोन्ही प्रकारचे भाग असणार, तेव्हा दोन्हीकडे एकेक मालिका करा.

ऑफसेट २ टक्के घ्या. ०.२ मध्ये रिकव्हरीचा वाटाही येतो आणि सॉफ्टनिंग फुगवून दिसतं.

ऐरणकर

ट्रान्सफर टाइम स्टॉपवॉच लावून फ्लोरवर मोजा, प्रोसेस शीटवरचा घेऊ नका. शिफ्ट बदलली की ऑपरेटर बदलतो आणि तो वेळही बदलतो.